सगळ्यात बारीक अक्षर

या, असे जवळ सरका. दिवे गेलेत, पंखा बंद आहे, आणि छपाईचं यंत्र गप्प झालं की या एबो आर्हिनचं तोंड सुरू होतं, हे सॉल्टपॉन्डमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. एका कागदाची गोष्ट सांगतो, आणि त्या कागदावरच्या एका नावाची. दिवे येईपर्यंत संपेल. नाही आले तर जरा लांबवीन.

बाजाराकडून चॅपलकडे रस्ता चढतो ना, तिथं माझं दुकान. पाटीवर लिहिलंय 'दया अजून संपली नाही'. लग्नपत्रिका करतो, शाळेची प्रमाणपत्रं करतो, पण चूल पेटते ती मयतावर. आमच्या घानात माणूस गेला की आधी भित्तिपत्रक लागतं. वर ठळक अक्षरात 'गौरवाला पाचारण'. तरुण गेला असेल तर 'हा काय घाला'. खाली फोटो, वय, दफनाची वेळ, आणि मग नावं. मुलं, नातवंडं, पतवंडं, भाचे, जावई, आणि कोण कुठल्या देशात असतं तेही. शनिवारी दफन असतं, म्हणून मंगळवारपासून माझ्या दारात काळे कपडे उभे राहतात. तेवीस वर्षं झाली. रविवारी प्रार्थनेला बसतो तेव्हाही डाव्या मनगटात ठणका असतो, आणि कधी कधी वाटतं, प्रभू, या किनाऱ्यावर एक आठवडा तरी कुणी मरू नये. मग लगेच आठवतं की शुक्रवारी घरी मक्याची केंकी कुठून येईल, आणि ती प्रार्थना मी मागे घेतो.

ज्या बाईचं हे भित्तिपत्रक, ती मामे तेचिवा. मामे म्हणजे आमच्या बोलीत आई. वय चौऱ्याऐंशी. तुम्ही आमच्या चॅपलमध्ये कधी बसला असाल तर मला फार सांगायला नको. उपदेशक बोलत असतो, बोलता बोलता एका जागी त्याचा आवाज खाली बसतो, आणि तो थांबतो. तेवढ्यात बायकांच्या बाकावरून कुणीतरी बसल्या जागी सूर धरते. पाठ केलेलं गाणं नसतं ते. तो जे बोलला तेच ती उचलते, आपल्या शब्दांत घोळवते, आणि सगळं चॅपल तिच्या मागे जातं. ओसरलं की उपदेशक पुढे बोलतो. चाळीस वर्षं हा सूर मामे तेचिवानं धरला. तिचा गळा काही मधासारखा नव्हता, खरखरीत होता. पण कुठं शिरायचं हे तिला कळायचं.

माझा धंदा मी तिथंच शिकलो म्हणा ना. उपदेशक जर थांबलाच नाही तर गाणं शिरणार कुठून? कागदाचंही तसंच. एक गोष्ट मोठी ठेवायची, बाकीच्यांनी तिच्या मागे उभं राहायचं. सारख्या गोष्टी एकत्र बसवायच्या, एका ओळीत, पाठीला पाठ लावून. आणि मध्ये मोकळं सोडायचं. डोळाही माणसासारखा आहे. त्याला टेकायला जागा दिली नाही तर तो दारातूनच परत फिरतो. हे मला कळतं. पण गिऱ्हाइकाला कळावं असा देवाचा हुकूम नसावा, कारण तेवीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही.

मंगळवारी सकाळी नाना ओटू आले. मामेच्या कुळाचे प्रमुख, तिच्या बहिणीचे थोरले चिरंजीव. पाय सुजलेले, म्हणून चपला हातात. बाकावर बसले आणि खिशातून चार पानं काढली.

"एका कागदावर किती नावं बसतात रे, मास्टर?"

"बसवली तर गाव बसेल, नाना. वाचणार कोण?"

"सगळी वाचायला कुणाला सांगितलंय? ज्यानं त्यानं आपलं वाचावं."

मी मोजली. एकशे बारा. मी पडद्यावर मांडून दाखवलं. मामेचा चेहरा मध्ये, दफनाची वेळ ठसठशीत, आणि फोटोच्या उजव्या अंगाला दोन बोटं मोकळी पांढरी जागा. नानांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"हे काय?"

"ती जागा फोटोला श्वास घ्यायला."

"फोटो श्वास घेत नाही. आता ती बाईसुद्धा घेत नाही. हॅम्बुर्गचा क्वामिना तिथं घाल. त्यानं शवपेटीला हातभार लावलाय."

क्वामिना घातला. त्याच्याखाली त्याची बायको घातली. अशी ती जागा गेली.

फोटो एकच बरा होता. दहा वर्षांपूर्वी कापणीच्या सणाला चॅपलच्या पायरीवर काढलेला. मामे पांढऱ्या कपड्यात, हनुवटी वर, गाण्याआधी करायची तशी. आणि तिच्या डाव्या खांद्यावर मागून आलेला एक हात. मनगटाच्या वर भाजल्याचे दोन लांब डाग. सॉल्टपॉन्डमध्ये तो हात कुणाचा हे विचारावं लागत नाही. मासे धुरावणारी बेन्यिवा.

बेन्यिवा कुळातली नाही. आमच्या फान्ती लोकांतलीही नाही. व्होल्टा नदीच्या मुखाकडून आली, मामेच्या परसात भट्टी लावायला जागा मागितली, आणि एकोणीस वर्षं राहिली. शेवटची नऊ वर्षं मामेला उठता बसता येत नव्हतं. मुलगी डॉर्कस टेमाला, बंदराच्या कचेरीत. ती दर महिन्याला पैसे पाठवायची, हे मी पाहिलंय, खोटं बोलणार नाही. पण पैशाला पाठ घासता येत नाही. ते बेन्यिवानं केलं.

"हा हात काढ," नाना म्हणाले.

"आणि नाव, नाना?"

"कुणाचं?"

मी फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं.

"हे बघ मास्टर," नाना पाय चोळत म्हणाले, "मी काही राक्षस नाही. ती बाई चांगली आहे. पण छापलेला कागद म्हणजे काय ते तुला कळत नाही? आज तिचं नाव छापलं, उद्या तोच कागद घेऊन तिचा कुणी भाचा येईल आणि परसातली खोली मागेल. शेजारच्या कुळात झालं तसं. सात वर्षं कज्जा चालला. मी म्हातारा आहे. मला आता कोर्टाच्या पायऱ्या चढवणार का तुम्ही?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे भिंतीवरचा कागद उतरतो, पण कुणीतरी तो घडी घालून पेटीत ठेवलेला असतो.

नानांना आणखी एक हवं होतं, दफनाच्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेत मधल्या पानावर कुळाची आकृती. चौकटी आणि रेघा, वर मामेची आजी, खाली उतरत उतरत पतवंडं. मी ती काढली. रक्ताची रेघ एकेरी, लग्नाची दुहेरी. सुबक झाली. काढताना एवढंच जाणवलं की पाणी पाजणाऱ्यासाठी कुठल्या जातीची रेघ काढायची, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि हात? हात मी काढला. किती हात काढलेत मी आजवर. बरा फोटो नेहमी दुसऱ्याच्या लग्नातला असतो, खांद्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतोच. कपड्याचा तुकडा इकडून उचलायचा, तिकडे लावायचा, कडा मऊ करायच्या. अर्धा तास लागला. मान दुखत होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, आणि मी एवढाच विचार केला की आणखी दोन मयतं रांगेत आहेत. संध्याकाळपर्यंत दीडशे पत्रकं भिंतींवर गेली.

बुधवारी बेन्यिवा आली. दर बुधवारी येते, डोक्यावर माशांची परात घेऊन. मी तीन मासे घेतो. एक पत्रक माझ्या दारालाच चिकटवलेलं होतं. तिनं परात खाली ठेवली आणि पाहत उभी राहिली.

"मान सरळ आलीय," ती म्हणाली. "तिला आवडली असती."

मी मासे निवडायचं नाटक करत होतो.

"हात छान पुसलास, मास्टर. शिवण दिसत नाही." मग जवळ जाऊन वाकली. "खांदा मात्र खाली गेलेलाच राहिला. त्याच्यावर वजन होतं ना."

मी पाहिलं. खरंच होतं. हात गेला होता, पण त्याखाली खांदा जसा दबला होता तसाच होता. तेवीस वर्षांचा कारागीर मी, आणि हे मला एका मासेवालीनं दाखवलं.

"बेन्यिवा," मी म्हणालो, "तुझं नाव असावं असं तुला वाटतं का?"

"नको म्हणाले तर खोटं होईल." तिनं परातीवरचा कागद नीट केला. "खोली नको मला. आंटी अराबाच्या वाड्यात जागा बघून ठेवलीय, भट्टीच्या विटाही नेल्यात. पण शनिवारी टेमाहून, अक्राहून लोक येतील. विचारतील, बाई, तू कोण? मी काय सांगायचं? मोलकरीण नव्हते. मुलगी नाही. कागदावर कुठं नाव असतं तर मला काही बोलावं लागलं नसतं."

"मग नानांना सांगितलंस का?"

"त्यांना सांगून काय, त्यांचे पाय बघितलेस का? रात्री कोमट पाण्यात ठेवायला सांग. मीठ घालून." आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज चौथा मासा घे. तुझं तोंड उतरलंय."

त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. भित्तिपत्रकं भिंतीवर होती, ती परत काढता येणार नव्हती. तो हात गेला तो गेलाच, त्याची जबाबदारी माझी. पण पुस्तिका अजून छापायची होती. प्रार्थनेचा क्रम, मामेचं चरित्र, कुळाची आकृती, तीच एकशे बारा नावं, शेवटी आभार. सोळा पानं, शुक्रवारी दुपारपर्यंत.

गुरुवारी नाना शेवटची तपासणी करायला आले. सोबत भाचे, पुतणे मिळून सहा जण. मी पानं त्यांच्यापुढे ठेवली. तुम्हाला सांगतो, मयताची पुस्तिका तपासताना कुणी पुस्तिका तपासत नाही. जो तो बोट फिरवत आपल्या नावापर्यंत जातो, तिथं थांबतो, आणि म्हणतो, "माझं याच्यापेक्षा बारीक का?" दोन तास तेच चाललं. एका भाच्याला आपल्या नावामागे 'अभियंता' हवं होतं. दुसरा म्हणाला, "अभियंता? दूरदर्शन संच दुरुस्त करतोस की रे." त्यावरून अर्धा तास गेला. शेवटी सगळे निघून गेले, नाना तेवढे राहिले. पाय वर घेऊन बाकावर आडवे.

"नाना," मी म्हणालो, "बेन्यिवाचं नाव."

"पुन्हा?"

"तिला खोली नको. विटासुद्धा हलवल्यात तिनं. जाऊन परस बघा."

"बघितलंय." नानांनी डोळे मिटले. "मामे मला एकदा माझ्या घरच्या नावानं हाक मारून म्हणाली होती, कोबिना, हिला विसरू नकोस. त्या दिवशी मला ताप होता, नीट ऐकलं नाही असं मी स्वतःला सांगत आलोय." मग डोळे मिटूनच म्हणाले, "मला भांडायचं त्राण नाही, मास्टर. ना तुझ्याशी, ना त्या सहा जणांशी. घाल. पण अगदी शेवटी. मुलगी, भाची, काही लिहायचं नाही, नुसतं नाव. आणि तुझ्याकडे असेल ते सगळ्यात बारीक अक्षर. कुणाच्या नजरेत येऊ नये."

"अगदी शेवटी, नुसतं नाव, सगळ्यात बारीक अक्षर," मी म्हणालो.

"तेच."

ते गेल्यावर मी यंत्रापुढे बसलो आणि आधी प्रार्थना केली. कारण जे करणार होतो ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि ते पाप आहे की नाही हे दिसत नव्हतं. आभार शेवटच्या पानावर होते. ते आत सरकवले, चरित्राच्या खाली, जिथं उगाच फुलांची वेल घातली होती. वेल काढली. शेवटचं पान, म्हणजे पुस्तिकेची बाहेरची पाठ, संपूर्ण पांढरी झाली. त्या पांढऱ्याच्या मधोमध, माझ्याकडचं सगळ्यात बारीक अक्षर घेऊन, लिहिलं: बेन्यिवा. चौकट नाही, वेल नाही, कबूतर नाही. शब्दाबाहेर मी एक पाऊल टाकलं नाही. शब्दाच्या आत मात्र ऐसपैस बसलो.

नानांचा समज असा की मोठं अक्षर दिसतं आणि बारीक लपतं. सगळ्यांचाच असतो. एकशे बारा नावांच्या गर्दीत मोठं अक्षरही बाजारातल्या हाकेसारखं, कुणाला कुणाचं कळत नाही. पण रिकाम्या चॅपलमध्ये एखादी बाई नुसती खाकरली तरी तुम्ही वळून पाहता.

शनिवारी ऊन असं की शवपेटीच्या पितळेला हात लाववत नव्हता. चॅपल भरलं, बाहेर मांडवातही लोक. पुढच्या तीन रांगा कुळाच्या. बेन्यिवा मागे, खांबापाशी, उभी. आणि अशा उन्हात पुस्तिकेचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. वाचून होण्याआधी ती पंखा होते. सहाशे हात हलत होते, आणि जो तो आपल्या पुढच्याच्या हातात पाहत होता ते शेवटचं पान. कोरं पांढरं, आणि मध्ये काहीतरी माशीएवढं. मला दारातून दिसत होतं. एक बाई पंखा थांबवते, पान नाकाशी धरते, वाचते, शेजारणीला कोपर मारते. शेजारीण आपलं पान उलटते. असं रांगेमागून रांग होत गेलं, वाऱ्यानं ताडाची पानं पालटावीत तसं. आतलं एकशे बारा नावांचं पान त्या दिवशी कुणी उघडलं असेल तर नाव ज्याचं त्यानंच.

मिस्टर अमिसा बोलायला उभे राहिले. आमचे जुने उपदेशक, आता आवाज कापतो. मामेच्या शेवटच्या वर्षांबद्दल बोलत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं तिनं गायलं, आणि मग नऊ वर्षं ती पडून होती. त्या नऊ वर्षांत..." आणि थांबले. नेहमी थांबायचे तसे. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं असावं की या थांबण्यात शिरणारी समोर पेटीत आहे. कुणी हललं नाही. पंखेसुद्धा थांबले. मी ऐकलेली सगळ्यात लांब शांतता ती.

मग बायकांच्या बाकावरून एक म्हातारा गळा उठला. सूर नीट लागला नाही आधी. ती गात होती:

पाणी कुणी आणलं, बाई? ती जाणते.
कूस कुणी वळवली? ती जाणते.
नाव बारीक लिहिलंय खाली,
वर मोठ्यानं वाचतात.

दुसऱ्या वेळी 'ती जाणते' सगळ्या बाकानं म्हटलं. तिसऱ्या वेळी मांडवानं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि माझ्या मनगटाचा ठणका त्या वेळी होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

पुढच्या रांगेतून डॉर्कस उठली. टेमाची, कडक इस्त्रीतली. मला वाटलं बाहेर जाते. ती मागे खांबापाशी गेली, बेन्यिवाचा हात धरला आणि तिला पुढे आणलं. बेन्यिवा नको नको म्हणत होती, पाय ओढत होती. पुढे आल्यावर जागाच नव्हती. कुळातला कुणी सरकेना. तेव्हा डॉर्कसनं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली, प्रार्थना संपेपर्यंत, त्या उंच टाचांवर. अक्राहून आलेल्या एकाही बाईनं बेन्यिवाला त्या दिवशी विचारलं नाही की तू कोण.

यात नानांचं काय झालं, ते विचाराल. रविवारी आभाराच्या प्रार्थनेनंतर ते दुकानावरून गेले. थांबले. पांढरे कपडे, चपला हातात.

"ते अक्षर," ते म्हणाले, "सगळ्यात बारीकच होतं ना?"

"त्याहून बारीक माझ्याकडे नाही, नाना."

"हं." समुद्राकडे पाहत उभे राहिले. "पुढच्या वेळी पानाबद्दलही मला विचारत जा."

"विचारीन."

"विचारणार नाहीस. मीही पुढच्या वेळी दुसऱ्या छापखान्यात जाईन." पण हे म्हणताना बाकावर बसले, आणि मी पाणी दिलं ते पूर्ण प्याले. ते कुळ आता खरंच दुसरीकडे छापतं. त्या सहा जणांचा राग अजून गेलेला नाही. अभियंत्याचा तर मुळीच नाही.

बेन्यिवा मंगळवारी आंटी अराबाच्या वाड्यात राहायला गेली. खोली कुणी दिली नाही, तिनं मागितली नाही. बुधवारी येते, मासे देते, बसत नाही, कारण भट्टी एकटी असते. त्या शनिवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. खोकला लागलाय तिला, धुरामुळे. माझे डोळे गेलेत, तिची छाती गेलीय. दोघेही आपापल्या कामाने संपत चाललो आहोत, आणि देवाची इच्छा असेल तर एखाद्या शनिवारी आमच्याही पुस्तिकेचा कुणी पंखा करेल.

दिवे काही आले नाहीत. असो. जाताना एवढं मागतो तुमच्याकडे. रविवारी प्रार्थनेला बसाल आणि उपदेशक मध्येच थांबेल, तेव्हा सूर कुणी धरो न धरो, त्या तेवढ्या वेळात बेन्यिवाची आठवण काढा. नुसतं नाव घेतलंत तरी पुरे.